नव्या वहीतील जुनी बाकी

नवे वर्ष लागले म्हणजे मनुष्यही नवा होतो काय, हा प्रश्न सणाच्या दिवशी विचारणे काहीसे अप्रशस्त वाटेल. दारी तोरण बांधले आहे, गुढीला साखरेची गाठी घातली आहे, स्वयंपाकघरात पुरण शिजते आहे, अशा वेळी तत्त्वविचार कोणास रुचणार? तथापि प्रस्तुत लेखक ज्या नगरात राहतो त्या बेंगळुरूत हा प्रश्न टाळू म्हटले तरी टळत नाही; कारण येथे वसंत ऋतूत नवे वर्ष एकदाच लागत नाही. २०२५ सालचेच पाहा. ३० मार्चला चैत्र शुद्ध प्रतिपदा आली. त्या दिवशी कानडी घरांतून युगादीचा कडुनिंब-गूळ वाटला गेला व मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या. (शहाजीराजांना १६३८ मध्ये हे नगर जहागिरीत मिळाले, तेव्हापासून मराठी भाषेचा येथील निवास अखंड आहे, जुन्या पेठांतील भावसार कुटुंबांच्या घरी ती आजही बोलली जाते.) लगेच १ एप्रिलला सरकारी व व्यापारी दप्तरांचे वर्ष उघडले. १४ एप्रिलला तमिळ मंडळींचा वर्षारंभ आणि केरळीयांचे विषू. आणि १५ एप्रिलला बंगाली बांधवांचा ‘पोइला बैशाख’, म्हणजे वैशाखाची पहिली तारीख.

यांतील खरे नववर्ष कोणते, असा वाद घालणारे भेटतात. त्यात फार वेळ घालविण्यासारखे काही नाही. चंद्राची गती धरली तर प्रतिपदा, सूर्याची धरली तर मेषसंक्रांती. आणि एकच संक्रांती धरूनही तमिळ गणना व बंगाली गणना यांत २०२५ साली एका दिवसाचे अंतर पडले, कारण संक्रमणानंतर महिना केव्हा मोजू लागावयाचा याचे नियम निराळे आहेत. भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा या बंगाली शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांगसुधारणेची समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्या दिवशी कोणाच्या घरी पुरण शिजत नाही. काळाच्या अंगावर रेघा नाहीत. रेघ आपण ओढतो. आणि ती कोठे ओढली यापेक्षा ती ओढताना आपण काय करतो यात धर्माचा प्रश्न आहे.

या दृष्टीने बंगाली नववर्षाची रीत विशेष विचारणीय वाटते. स्नान, नवी वस्त्रे, वडील माणसांना प्रणाम, गाणी, मिष्टान्न हे तर सर्वत्रच असते. ढाक्यात १९६७ पासून ‘छायानट’ संस्थेचे कलावंत रमना उद्यानात झाडाखाली सूर्योदयाला गाऊन वर्षाचे स्वागत करतात, ही त्यातली एक सुंदर शाखा. परंतु या सणाच्या मुळाशी आहे ‘हालखाता’. हाल म्हणजे चालू, वर्तमान. आपला ‘हल्ली’ हा शब्द त्याचाच भाऊ. खाता म्हणजे खाते, वही. लाल कापडात बांधलेली नवी वही घेऊन दुकानदार पहाटे मंदिरात जातो. कोलकात्यात कालीघाट व दक्षिणेश्वर येथे त्या दिवशी रांगा लागतात. वहीच्या पहिल्या पानावर शेंदराने स्वस्तिक काढतात, शेंदरात बुडविलेल्या नाण्याचा ठसा उमटवितात, दुकानात गणेश-लक्ष्मीची पूजा होते. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधीच निमंत्रण गेलेले असते, ती येतात. मागील उधारी शक्य तितकी फेडतात, आणि दुकानदार त्यांच्या हाती मिठाईचा पुडा व नवे कॅलेंडर देतो.

आपल्याकडे ही दोन कार्ये दोन पाडव्यांनी वाटून घेतली आहेत. चैत्राच्या पाडव्याला गुढी, कार्तिकाच्या पाडव्याच्या सुमारास वहीपूजन. त्यातही १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकराच्या कायद्याने सर्वांना ३१ मार्चअखेरचे एकच हिशेबी वर्ष लावले, आणि दिवाळीची वही व्यवहारात रिकामी झाली. पूजा राहिली, हिशेब संगणकात गेला. बंगालमध्ये मात्र सण आणि हिशेब अजून एका दिवसात नांदतात. याचे कारण त्या कालगणनेच्या इतिहासात आहे. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सारावसुलीची तारीख पिकाच्या हंगामाच्या मागे-पुढे सरकत जाई. अकबराने १५८४ मध्ये सौर गणनेची नवी पद्धत सुरू केली व तिचा आरंभ आपल्या १५५६ च्या राज्यारोहणापासून धरला. ते हिजरी ९६३ होते. त्यात पुढील सौर वर्षे मिळविली की आजचा बंगाब्द येतो. ९६३ आणि ४६९ मिळून १४३२, म्हणजे २०२५ च्या एप्रिलात लागलेले वर्ष. बंगाब्दाचे मूळ सातव्या शतकातील शशांक राजाकडे नेणारेही विद्वान आहेत. पण शेतसारा आणि वर्षारंभ यांची गाठ कोणी नाकारीत नाही. मराठी दफ्तरांत जो शुहूर सन दिसतो, ज्याला मृगसाल म्हणत, तोही सूर्य मृगात आला म्हणजे, पेरणीच्या तोंडावर, बदलत असे. वर्ष म्हणजे पीक, पीक म्हणजे देणे-घेणे, हा विचार दोन्ही प्रांतांत सारखाच.

आता मुख्य विषयाकडे येतो. बंगाली मजकूर मराठीत आणताना ‘जेर’ या दोन अक्षरी शब्दाने मला अनेकदा थांबविले आहे. एका पानावरील शिल्लक वा बाकी पुढच्या पानाच्या माथ्यावर उतरवून घेणे, याला बंगालीत ‘जेर टानणे’ म्हणतात. एखाद्या गोष्टीचे मागे राहिलेले परिणाम, तेही जेरच. आपल्याकडे ‘मागील पानावरून पुढे चालू’ असे वह्यांत लिहीत. त्याचा कंटाळवाण्या आयुष्याबद्दल विनोदाने उपयोग होतो, परंतु ‘जेर’चा भार त्यात उतरत नाही. लक्षात घेण्यासारखे हे की हालखात्याच्या नव्या कोऱ्या वहीत स्वस्तिकाच्या पानानंतर ज्याची बाकी उरली आहे त्याच्या खात्यात पहिली ओळ जेरची असते. नवी वही कोरी नसते. जुन्या वहीतील देणे नव्या हाताने, नव्या शाईने, पहिल्या ओळीत लिहिले म्हणजेच ती वही नवी म्हणावयाची.

बेंगळुरूच्या नगरथपेठेत सोन्याचे बारीक काम करणारे पुष्कळ बंगाली कारागीर आहेत. त्यांपैकी एकाशी माझा परिचय आहे. त्याचे गाव हुगळी जिल्ह्यात. त्याच्या आईच्या दीर्घ आजारात वडिलांनी गावच्या किराणा दुकानदाराकडून तांदूळ, तेल, कधी औषधासाठी रोख रक्कमही उचलली. दरवर्षी पोइला बैशाखला ते हालखात्यास जात, जमेल ते देत, मिठाई खाऊन येत. ते वारले तेव्हा अकरा हजारांवर बाकी होती. यास दहा वर्षे झाली. पुढे दुकानदारही गेला, दुकान मोडले, त्याची मुले कोठे गेली ते गावात कोणास ठाऊक नाही. थोरला भाऊ म्हणतो, मागणारा नाही आणि कागदही नाही. मग देणे कसले? या कारागिराच्या मुलीच्या कॉलेजची फी नेमकी त्याच दिवसांत भरावयाची होती. त्याने मला विचारले, “पंडितमोशाय, दुकान नाही, दुकानदार नाही, बाबाही नाहीत. मग बाकी कोणाची कोणाकडे राहिली?”

प्रश्न साधा नाही. प्रथम राजाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. दुकानाच्या उधारीचा दावा आपल्या देशात सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्यानंतर न्यायालय धनकोला दाद देत नाही. पण कायद्याची जाण असलेला कोणीही सांगेल की मुदत संपल्याने दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. म्हणूनच १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमात अशी तरतूद आहे की मुदतबाह्य देणे फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी, सहीनिशी दिले तर ते मोबदल्यावाचूनही बंधनकारक होते. कायदा येथे जणू मान्य करतो की त्याच्या हातून सुटलेली एक वस्तू अजून जगात शिल्लक आहे. मुदत सरण्यापूर्वी बाकी मान्य करून सही केली तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते, हेही सर्व व्यापाऱ्यांस माहीत आहे. म्हणजे हालखात्याच्या दिवशी जो मनुष्य वहीवर सही करून बाकी कबूल करतो, त्याचे देणे त्या दिवशी जुने होत नाही, उलट तरुण होते. वर्षाचे नवेपण असेही असू शकते, हे सणाच्या शुभेच्छा देताना आपल्या ध्यानी येत नाही.

बापाच्या ऋणाचा प्रश्न याहून खोल. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत पहिले पद ऋणादानाचे आहे. स्मृतिकारांनी न फेडलेल्या ऋणाची भीती घालताना ऋणको धनकोच्या घरी दास किंवा पशू होऊन जन्मास येतो असे म्हटले. आणि याच भयातून बापाला सोडविणे हे पुत्राचे कर्तव्य मानले. मात्र द्यूत, मद्य अशा अधर्म्य कारणांसाठी काढलेले कर्ज पुत्राने देऊ नये, ही मर्यादाही त्यांनीच घातली. या विषयावरील दोन मोठे ग्रंथ आपल्या दोन प्रांतांतूनच निघाले, ही गोष्ट मला येथे राहून नेहमी जाणवते. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा; दायभाग लिहिणारा जीमूतवाहन बंगालचा. मिताक्षरेत पुत्राचा हक्क जन्माने. दायभागात बापाच्या पश्चात. यामुळे ऋणाच्या जबाबदारीचे तपशीलही बदलतात, पण बापाचे धर्म्य ऋण पुत्राला अगदीच परके असते असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. योगायोग असा की जीमूतवाहनाने ‘कालविवेक’ नावाचा ग्रंथही लिहिला. कोणते कर्म कोणत्या काळी करावे याची चर्चा आणि कोणाचे धन कोणास जावे याची चर्चा एकाच मनुष्याने केली. पंचांग आणि वही त्याच्या मेजावर शेजारी शेजारी असली पाहिजेत.

हे ‘पवित्र कर्तव्य’ ब्रिटिश न्यायालयांनी कायद्याचे बंधन म्हणून चालविले. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने ते बंधन पुढील कर्जांपुरते काढून घेतले. आता केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मिताक्षरेखालील पुत्र, पौत्र, प्रपौत्रांवर धनकोला दावा चालविता येत नाही. काही सनातनी मंडळींस हे खटकले. मला तसे वाटत नाही. जे बेलिफाच्या भीतीने फेडले जात होते ते धर्माने फेडले जात होते असे म्हणता येत नव्हते. कायदा बाजूस सरला, म्हणून आता पुत्राने दिले तर ते त्याचे स्वतःचे कर्म आहे.

येथे गीतेचा अभ्यासक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. चौथ्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानरूप अग्नी सर्व कर्मे भस्म करतो असे सांगितले. नवव्यात तर अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्यास साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे, इतपर्यंत आश्वासन दिले. मग नव्या संकल्पाने जुने खाते पुसले जात नाही काय? जेर कसली ओढावयाची? यावर आचार्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. ज्ञानाने संचित जळते. ज्याने फळ देण्यास आरंभ केला ते प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखे आपला वेग संपेपर्यंत चालते. परंतु मला आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचा निश्चय खरोखर योग्य झाला त्याच्या निश्चयात दुकानदाराचे अकरा हजार येतात की नाही? येत नसतील, तर तो निश्चय कशाचा? परमेश्वर माझे पाप क्षमा करू शकेल. पण वाण्याचे तांदूळ त्याने खाल्ले नव्हते. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राच्या वर्णनात, मिळालेल्या भोगातून काही परत न देता जो भोगतो त्यास चोर हा शब्द लावला आहे. सोळाव्यातील आसुरी मनुष्यही मोठा हिशेबी आहे, हे विसरू नये. मात्र मिळालेले आणि मिळावयाचे एवढेच तो मोजतो. त्याच्या वहीला एकच बाजू आहे.

दुसरा आक्षेप पोथीतला नाही, मातीतला आहे, आणि मला तो अधिक जड वाटतो. वहीत लिहिले ते सर्व खरे असते काय? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन खतपत्रे व वह्या जाळल्या. मग हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. ते चोर नव्हते. निरक्षर माणसाच्या अंगठ्याखाली कितीही आकडे मांडता येतात हे त्यांना कळले होते. सरकारलाही ते कळले. १८७९ च्या दक्षिण शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांस खतावर न थांबता त्यामागील व्यवहाराचा सर्व इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. आपल्या धर्मशास्त्रातील दामदुप्पट हा नियमही याच रोगावर होता. एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, हे सावकाराच्या हाताला बांधलेले दावे होते. म्हणून जेर ओढावयाची ती खऱ्या आकड्याची. खोट्या बाकीपुढे मान तुकविणे हा धर्म नव्हे. आणि नव्या वहीच्या पूजेत धनकोचाही संकल्प असला पाहिजे की मी मागच्या पानावरून चुकीचे काही पुढे आणणार नाही. शेंदराचा ठसा दोघांसाठी आहे.

विक्रम संवताविषयी लोकपरंपरा अशी आहे की ज्यास आपला संवत सुरू करावयाचा त्या राजाने आधी प्रजेची सर्व ऋणे आपल्या कोशातून फेडावी लागत, आणि उज्जयिनीच्या विक्रमादित्याने तसे केले. इतिहास म्हणून हे कोणी मानू नये. परंतु या कथेत विचार किती स्पष्ट आहे पाहा. नवे वर्ष उगवते ते तारीख बदलल्याने नव्हे; कोणीतरी देणे दिलेले असते. कर्नाटकातील कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याने, ज्याच्या राज्यात विज्ञानेश्वर होऊन गेला, १०७६ मध्ये स्वतःचा नवा शक चालविला. शिलालेखांत तो काही काळ दिसतो आणि मग विरून जातो. राजाच्या हुकमाने वर्ष सुरू होते, टिकत नाही.

आता त्या कारागिराकडे वळतो, कारण त्याला उत्तर हवे होते, व्याख्यान नको होते. आकडा खरा होता. तो स्वतः लहानपणी बापाबरोबर हालखात्यास जात असे व वही पाहत असे. कारण धर्म्य होते. आईचे औषध हे द्यूत नव्हे. तेव्हा देणे आहे, हे मी स्पष्ट सांगितले. थोरल्या भावाला दोष देण्याचे मात्र मी नाकारले. त्याच्या घरची ओढग्रस्त मला ठाऊक नाही, आणि ज्याच्या ताटात आपण बसलो नाही त्याच्या भुकेवर निर्णय देऊ नये. मुलीच्या फीविषयी तो संकोचाने बोलला. तेथे शास्त्र त्याच्या बाजूने आहे. ज्याची शक्ती नाही अशा ऋणकोकडून त्याच्या मिळकतीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असे स्मृतींनी सांगितले आहे. दान देताना घर उपाशी ठेवू नये असा नियम आहे. ऋण हे दान नव्हे, तथापि हप्त्याला कोणी अधर्म म्हटलेले नाही. फी आधी भरावी, दर महिन्यास थोडे बाजूस काढावे. त्याचे बाबा तरी दुसरे काय करीत होते?

राहिला प्रश्न, द्यावयाचे कोणास. धनको मेला तर त्याच्या वारसास. वारस नसेल तर नातलगांस. नारदाने तर ब्राह्मण धनकोचे कोणीच उरले नसेल तर इतर ब्राह्मणांस द्यावे, आणि तेही न मिळाल्यास ते द्रव्य पाण्यात सोडावे, इतक्या टोकापर्यंत विचार केला आहे. आधुनिक मनाला हा अपव्यय वाटेल. मलाही पाण्याऐवजी गावच्या शाळेची वाट अधिक बरी वाटते, मात्र दात्याच्या नावाची पाटी न लावता. कारण देणारा तेथे दाता नाही, ऋणको आहे. तरी नारदाचा आग्रह समजून घेण्यासारखा आहे. ते धन कोणाच्याही उपयोगी पडले नाही तरी चालेल, पण ते माझे नाही एवढे माझ्या हाताला कळले पाहिजे.

परंतु नदीपर्यंत जाण्याचे कारणच नव्हते. बोलता बोलता असे निघाले की दुकानदाराचे मुलगे सापडत नसले तरी त्याची मुलगी तेथून जवळच्याच गावात दिलेली आहे. वारस शोधताना दोघा भावांना तिची आठवण झाली नव्हती. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस आहे, आणि त्यासाठी बंगालचा व कर्नाटकाचा निराळा नियम नाही. मी त्याला सांगितले, तिला पत्र लिही, वडिलांच्या खात्यातील आकडा लिही, आणि तिचे भाऊ कोठे आहेत तेही विचार. त्यांचाही त्यात वाटा आहे. तो म्हणाला, “ती नको म्हणाली तर?” नको म्हणण्याचा, आपल्या वाट्याचे सोडून देण्याचा, तिला पूर्ण अधिकार आहे, तो अधिकार फक्त धनकोच्याच घरात असतो. पण नको म्हणावयास तिला आधी कोणी विचारले पाहिजे.